न शिकवण्याची पद्धत

२ जुलै १९८४
मद्रासच्या समर स्कूलहून परतलो. पाठ अवघडली, डोकं मात्र उघडलं. एका अमेरिकन प्रोफेसरांनी सांगितलं की तिकडच्या युनिव्हर्सिट्यांत लेक्चर ही चीज मोडीत निघाली. विद्यार्थी आपल्या गतीनं युनिट वाचतो, टेस्ट देतो, पुढं जातो. मास्तर नुसती वाट दाखवतो. मी शेवटच्या रांगेत पंख्याखाली होतो, त्यामुळे मधला भाग निसटला. सार कळलं. फेब्रुवारीत आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात विभागप्रमुखाची जागा भरायची आहे. दुसरे उमेदवार हेर्लेकर सर अजून खडू घेऊन घसा फोडतात. जागा माझीच.

९ जुलै
सेकंड इयरला जाहीर केलं : स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सची लेक्चरं आजपासून बंद. टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. क्रांती लोकांना हवीच असते. संकल्प : दर सोमवारी एक युनिट, स्वतः लिहून, सायक्लोस्टाइल करून.

१६ जुलै, सोमवार
युनिट एक तयार नाही. मशीनची शाई संपली असणार. बघून यायला हवं.

१ ऑगस्ट
शिपाई पिराजी म्हणतो, शाई हाय की सर, तुम्हीच काय लिवून दिलं न्हाईसा. उद्धट आहे. विचार केला. छापील युनिट म्हणजे तरी काय, मागच्या दारानं शिकवणंच. युनिटं रद्द. पद्धत आणखी शुद्ध झाली. आता आपण अमेरिकेच्याही एक पाऊल पुढं.

२२ ऑगस्ट, दुपारी ३
वर्गाचा प्रतिनिधी रफिक मुल्ला केबिनमध्ये आला. पोरगा चंदगडचा, होस्टेलात राहतो. म्हणाला, सर, बेंडिंग मोमेंटचा डायग्राम उलटाच यायलाय. म्हटलं, शोध. मलाही तो नेहमी उलटाच येतो, पण ते सांगणं पद्धतीत बसत नाही.

१८ सप्टेंबर
वर्गावर चक्कर मारली. रफिकनं दारातच अडवलं. पोरं एकमेकांस्नी शिकवाय लागल्यात सर, तुम्ही आत आला की लिंक तुटतीया, म्हणाला. केवढा आदर. परत फिरलो. केबिनमध्ये डोळे मिटून चिंतन केलं. घंटा होऊन गेल्यावर पिराजीनं हलवलं.

५ नोव्हेंबर
परीक्षा तोंडावर. सौ. म्हणते, पोरं नापास झाली तर त्यांचे आईबाप दारात येतील की. तिला जागतिक प्रवाह कळत नाहीत. हल्ली कडी दोनदा तपासतो, ते चोरांमुळे.

११ फेब्रुवारी १९८५
निकाल लागला. माझ्या विषयात आमचं कॉलेज अख्ख्या युनिव्हर्सिटीत पहिलं. गेल्या साली अर्धा वर्ग आडवा झाला होता. यंदा एकच पडला, तोही कावीळ झाली म्हणून. पोरांनी पेढे आणले. रफिक म्हणाला, फुडल्या सालीबी आम्हास्नी तुम्हीच पायजे सर, पर असंच. डोळे भरून आले. सूट शिवायला टाकला. भाषणाची सुरुवात सुचली : मित्रहो, मी काहीच केलं नाही.

२० फेब्रुवारी
प्रिन्सिपॉलनी बोलावलं. म्हणाले, शिंत्रे, कमिटीनं तुमची पद्धत कायमची स्वीकारली. मी उठून उभा राहिलो. ते म्हणाले, बसा. तुम्ही शिकवत होता तेव्हाचा निकाल आणि सोडून दिल्यावरचा निकाल, दोन्ही कमिटीपुढं ठेवले. लगेच एकमत झालं. विभागप्रमुख हेर्लेकर. मी होस्टेलचा रेक्टर, मेससकट. मी विचारलं, आणि माझा वर्ग? म्हणाले, चांगलं चाललंय, कशाला बिघडवायचं?

फार वाईट वाटलं. सौ.ला अजून सांगितलेलं नाही. शिंप्यानं कापड कापलंसुद्धा.

बाहेर रफिक उभा. त्याला बातमी आधीच लागलेली, चेहरा पडलेला. धीर द्यावा म्हणून म्हटलं, अरे, मी कुठं लांब जात नाही, तुमच्याच मेसमध्ये आहे. तो घुटमळला. मग त्यानं हळूच विचारलं, सर, तिथंबी तुम्ही काय करनार न्हाईसा न्हवं?

म्हटलं, काही नाही.

पोराचा जीव भांड्यात पडला.