तसलं पोट दुखणं

८ सप्टेंबर, सोमवार

कोरा! अख्खा पेपर कोरा. वर नाव, हजेरी क्रमांक, तारीख – अक्षर कसं मोत्यासारखं. आणि खाली काही नाही. पंचवीस मार्कांचा गणिताचा पेपर माझ्या लेकीनं तसाच नीट घडी घालून बाईंच्या टेबलावर ठेवला म्हणे.

वर्गशिक्षिकेनं बोलावून घेतलं होतं. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून धावत गेले, गळ्यात मोजपट्टी तशीच. बाईंनी तीन पेपर समोर मांडले. भाषा कोरा, विज्ञान कोरा, गणित कोरा. "तोंडी विचारलं की सगळं येतं हो तिला. चटाचट सांगते. कागद समोर आला की पेन हलत नाही." मग जरा आवाज उतरवून – "घरी ठीक आहे ना सगळं?"

ठीक! महिनाभर रोज सकाळी तिचं पोट दुखतंय. मी लिंबूपाणी देतेय, जंताचं औषध देऊन झालं, बाहेरचं खाणं बंद करून झालं. शनिवार-रविवारी दुखत नाही, एवढं माझ्या ध्यानात येऊ नये? मी म्हणजे अशी ठार मठ्ठ! दिवसभर दुसऱ्यांनी शिवलेल्या शर्टांतले दोष शोधते, आणि घरातलं दिसत नाही.

नवी वही आहे ही, तर तिला सांगून ठेवते – लेक दहा वर्षांची, पाचवीत. घास गालात साठवून ठेवायची, म्हणून बाबानं नाव ठेवलं खारू. गालातलं कोठार अजून चालू आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

पोट दुखलं. शाळा बुडली. दहा वाजता शाळेची वेळ टळली, आणि साडेदहाला बाईसाहेब दोन अंडी खाऊन बसल्या.

११ सप्टेंबर, गुरुवार

शाळेत समुपदेशक बाई येतात, आठवड्यातून एकदा. आधी खारूशी बोलल्या, मग आम्हाला दोघांना आत घेतलं. खोलीतल्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या. माझे गुडघे हनुवटीला लागले. नवरा बसलाच नाही. बस चालवणारा सहा फुटी माणूस – "मोडली तर भरून द्यावी लागेल" म्हणून भिंतीला टेकून उभा.

"तुम्ही काय काम करता?" बाईंनी मला विचारलं. सांगितलं – शर्टांच्या कारखान्यात चेकर. टेबल, वर दोन ट्यूबलाइट. शर्ट आला की कॉलरपासून सुरुवात, मग खांदे, बाह्या, काजं, बटणं, शेवटी उलटा करून शिलाई. दोष दिसला की तिथं लाल बाण चिकटवायचा. तासाला साठ शर्ट. दहा वर्षांत माझ्या टेबलावरून खोट असलेला माल बाहेर गेला नाही, हेही सांगितलं. विचारलं नव्हतं तरी!

"आणि घरी येताना टेबल तिथंच ठेवून येता का?"

नवरा फिस्सकन हसला. फितूर! "परवा भर बसथांब्यावर माझ्या शर्टाचा लोंबता धागा हिनं दातानं तोडला," म्हणे. बाई पण हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "कोऱ्या कागदात चूक काढता येत नाही ना, ताई."

एवढंच. वेणी वाकडी, बूट उलटे, सातचा आकडा एकासारखा, दूध मिशीला – दिवसभर पोरीवर बाणच बाण चिकटवत असते मी. रागावत नाही कधी, हात तर कधीच उगारला नाही. पण दाखवल्याशिवाय राहवत नाही.

"आठवडाभर तिच्या कामाकडे तपासायला बघू नका. नुसतं बघा," असं सांगितलंय. नुसतं बघणं म्हणजे कसं असतं, ते विचारायचं राहिलं.

१४ सप्टेंबर, रविवार

काय करून बसले!

कारखान्यातून पास झालेल्या शर्टांवर लावायच्या लेबलांचा उरलेला रोल आणला होता – हिरवे गोल टिकले. म्हटलं, दोष दाखवायचे नाहीत ना, मग चांगलं दाखवू. सकाळपासून सपाटाच लावला. खारूनं पांघरुणाची घडी घातली – पास. पेला विसळला – पास. बूट जोडीनं ठेवले – डाव्यावर एक, उजव्यावर एक. नवरा अंघोळ करून आला, त्याच्या टकलावरही एक लावला. तो दिवसभर तो टिकला मिरवत घरात फिरला. "बघ खारू, बाबा पहिल्यांदा पास झाला आयुष्यात!"

ती हसली. बाबासाठी हसली. मला वाटलं, जमलं बुवा!

संध्याकाळी भाजी निवडत होते तर समोर येऊन उभी. सगळे टिकले सोलून एका कागदावर ओळीनं लावलेले. कागद माझ्यापुढे ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आई, पास म्हणजे तपासलंसच ना पण."

कपाळ बडवून घेतलं. अक्कल शेण खायला गेली होती माझी! दहा वर्षांच्या पोरीला कळतं ते मला कळू नये? म्हटलं तिच्यासमोरच, "तुझी आई म्हणजे एक नंबरची मूर्ख आहे बघ." ती भाजी निवडू लागली माझ्याबरोबर.

१७ सप्टेंबर, बुधवार

तिच्या वेणीतून एक बट सुटलेली. बोलले नाही. दाराबाहेर पडेपर्यंत बोलले नाही! जीभ चावली – खरोखर चावली, दुपारी डबा खाताना झोंबली.

२० सप्टेंबर, शनिवार

आज आम्ही दोघी बाबाच्या बसमधून फिरलो. दुपारची फेरी, बस जवळजवळ रिकामी. खारू ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून थांबे पुकारत होती – "पुढचा थांबा, पाण्याची टाकी! ज्यांना तहान लागली त्यांनी उतरून घ्या! पुढचा थांबा, दवाखाना! ज्यांना तहान लागली नव्हती आणि तरी उतरले, त्यांनी इथं या!" एक आजोबा एवढे हसले की त्यांचा थांबा मागे राहिला. आरशातून नवरा बघत होता, डोळ्यांत नुसता आनंद. काय बोलते ही मुलगी! कुठे असते ही रोज?

शेवटच्या थांब्यावर नवरा म्हणाला, "खारू, हे लिहून दे मला, मी रोज पुकारीन." तिकिटाच्या मागची कोरी बाजू आणि पेन पुढे केलं.

तिनं पेन घेतलं. हसू तोंडावरच होतं अजून. मग हळूहळू गेलं. पेन कागदावर टेकवून बसून राहिली, कागदावर निळा ठिपका मोठा मोठा होत गेला. "बाबा, माझं पोट दुखतंय."

घरी येईपर्यंत माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. मी केस कुरवाळत राहिले. वार्षिक परीक्षेला अशी बसली तर वर्ष जाईल, ते तर झालंच. पण मला भीती त्याची नाही. हे एवढं हसरं पोर हळूहळू आत आत जाऊन आतूनच कडी लावून घेईल, याची भीती वाटते. माझं काळीज आहे ते.

२५ सप्टेंबर, गुरुवार

लॉट परत आला.

दोनशे चाळीस शर्ट. डावी बाही उजवीपेक्षा बोटभर आखूड. सगळ्यांवर माझ्या टेबलाचा नंबर. सुपरवायझरनं एक शर्ट आणून माझ्यासमोर पसरला. आंधळ्यालासुद्धा हातानं कळलं असतं. हा लॉट तपासला त्या दिवशी मी खारूचा विचार करत होते, हात आपोआप चालत होते. पास, पास, पास.

घरी आले ती सरळ मोरीत. नळ सोडून ठेवला आणि स्वतःला हवं ते बोलून घेतलं. मूर्ख. बावळट. दहा वर्षांचं नाव मातीत घातलंस. तुला एक काम धड येत नाही. चहासुद्धा उतू गेला नंतर, मग त्याचंही बोलून घेतलं.

नवऱ्याला सांगितलं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

गेले नाही कामावर. सगळ्या टेबलांवरून माना वळतील, त्या कल्पनेनंच पांघरूण डोक्यावर ओढलं. नवऱ्याला म्हटलं, पोट दुखतंय. तो पहाटेच ड्यूटीवर गेला. खारूचं आज दुखत नव्हतं – म्हणजे दोघींतली एक तरी बरी म्हणायची!

दप्तर पाठीला लावून ती खोलीत आली. माझ्याकडे बघितलं. गरम पाण्याची पिशवी भरून आणली, टॉवेलात गुंडाळून, अगदी मी गुंडाळते तशी. पिशवी माझ्या पोटावर ठेवली, पलंगाच्या कडेला बसली आणि विचारलं,

"आई, खरं दुखतंय की तसलं दुखतंय?"

खोटं बोलायला तोंडच उघडेना. म्हटलं, "तसलं."

तिनं मान डोलावली. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी शिकावी अशी मान डोलावली. "मग आज नको जाऊ. पण उद्या जा हं. नाहीतर परवा अजून जास्त दुखतं. मला माहितीय."

हसू की रडू! दोन्ही केलं. मग तिला सगळं सांगितलं – बाही, दोनशे चाळीस, सुपरवायझर. ऐकताना तिचे डोळे हे एवढे.

"आता त्या शर्टांचं काय करणार?"

"उसवायचे आणि बाही बदलून परत शिवायचे."

"आणि मग?"

"मग काय, झालं."

"एवढंच?"

"एवढंच गं."

मग दप्तरासकट माझ्या कुशीत शिरली. पट्ट्याचं बक्कल बरगडीत टोचत होतं, पण मी हलले नाही. शाळेत तिला अर्धा तास उशीर झाला. मी चिठ्ठी लिहून दिली – आईची तब्येत बरी नव्हती, मुलीनं काळजी घेतली.

२७ सप्टेंबर, शनिवार

गेले. खारूनं दारापर्यंत सोडलं. "डबा घेतलास? पाणी घेतलंस?" आमची आजीबाई!

माना वळल्या, नाही असं नाही. सुपरवायझर म्हणाला, "काल असतात तर हाताशी आला असतात ताई, उसवायला माणूस कमी होतं." बस. दहा वर्षांच्या नावावर एवढाच ओरखडा. दिवसभर बाह्या उसवल्या. शेजारच्या टेबलावरच्या ताईनं आपला डबा माझ्यापुढे सरकवला, "माझा एकदा तीनशेचा आला होता," म्हणाली. कधी बोलली नव्हती!

घरी जाऊन खारूला सांगितलं. तिनं तीनशेचा आकडा दोनदा विचारून घेतला.

२९ सप्टेंबर, सोमवार

लिहिला!

गणिताची चाचणी. कोरा नाही! पाच गणितांपैकी दोन सोडवली, एक बरोबर, एक चूक, आणि तिसऱ्याची नुसती मांडणी. पंचवीसपैकी सहा. बाईंनी फोन करून सांगितलं, आवाजात आनंद मावत नव्हता. सहा मार्कांसाठी पेढे वाटावेत असं वाटलेली मी पहिलीच आई असेन. नवऱ्यानं खारूला खांद्यावर घेतलं, दाराच्या चौकटीत डोकं आपटलं तिचं. तरी हसत होती.

बघितलं? मी बाण लावायचे थांबवले, माझी चूक तिला सांगितली, आणि गाडी रुळावर आली. समुपदेशक बाईंचे उपकार. आणि थोडं माझंही म्हणायचं की नाही! आज जरा अभिमान वाटून घेते.

३० सप्टेंबर, मंगळवार

पेपरावर पालकांची सही हवी होती. खारू शेजारी बसून गृहपाठ करत होती – कागदावर, पेनानं! मी त्याच आनंदात सही ठोकली ती वर्गशिक्षकांच्या जागी. "शी! मूर्ख कुठली मी," निघून गेलं तोंडातून.

तिनं पेन खाली ठेवलं.

"काय झालं गं? मी तुला नाही म्हटलं. माझी भीती वाटते का तुला? मी सारख्या चुका दाखवते म्हणून?"

"नाही गं. ते तू सगळ्यांनाच दाखवतेस. बसथांब्याचा खांब वाकडाय तेपण दाखवतेस." मग वहीचा कोपरा दुमडत, उघडत, दुमडत – "तू स्वतःला बोलतेस ना. मोरीत. नळ सोडलास तरी ऐकू येतं मला. मी लिहायला लागले ना आई, की तेच ऐकू येतं. तुझ्याच आवाजात. आणि सगळे तर म्हणतात, मी अगदी तुझ्यावर गेलेय."

तोच शब्द तोंडापर्यंत आला माझ्या. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

गिळला.