नावाड्याचं घर शेवटी

आबा, परवा धाकटा येऊन गेला. तुमचं ते तीन वर्षांचं बाळ आता साठी ओलांडून बसलंय, गुडघे धरून जिना चढतं. बरोबर गावच्या सरपंचांना घेऊन आला होता. शिवाजी पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत खुर्ची एकच, म्हणून सरपंच खुर्चीवर आणि धाकटा कॉटवर. चहा झाला. मग सरपंच म्हणाले, तुमची जुनी नाव नदीच्या घाटावर चौथऱ्यावर ठेवायची आहे, रंग देऊन. पुढं पाटी लावायची, आणि पाटीवरच्या चार ओळी मी लिहून द्यायच्या. सुरुवात त्यांनीच करून आणली होती. खिशातून कागद काढून मोठ्यानं वाचली: "गावाला महापुरातून तारणारे, नदीचे जाणकार आणि अत्यंत कुटुंबवत्सल." धाकट्याचे डोळे तेवढ्यावरच भरून आले. "आक्का, शेवटचा शब्द झ्याक बसलाय की न्हाई?" मी म्हटलं, "बसलाय. चहा गार झाला बघ तुझा."

तो शब्द परवापासून दातात अडकलेल्या सुपारीच्या खांडासारखा सलतोय. गिळताही येत नाही आणि जीभ तर तिथंच जाते. म्हणून हा कागद घेऊन बसले आहे. पाटीच्या ओळी राहिल्यात बाजूला आणि तुम्हालाच लिहितेय, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली तरी.

खोटं काहीच नाही म्हणा त्यात. दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही. आई गेल्यावर दुसरं लग्न केलं नाहीत. धाकट्याला पाठुंगळी बांधून वल्हं मारायचात, तेव्हा काठावरच्या बायका कपडे आपटायच्या थांबायच्या. "बघा गं, बाप असावा तर असा." मीही ऐकायची, घागर घासत. दुसरी बायको आणली नाहीत हे खरं आहे आबा, पण कशाला आणायची? अकरा वर्षांची बाई घरात होतीच की. भाकरी थापायला, धाकट्याला न्हाऊ घालायला, उन्हाळ्यात नाव काठावर पालथी घातली की फटीत भरायचं डांबर ढवळायला. माझ्या हाताला मेंदी लग्नात लागली, डांबर त्याआधी सात वर्षं. पहिल्या दिवशी माझी भाकरी एका अंगानं करपली आणि दुसऱ्या अंगानं कच्ची राहिली. तुम्ही ती मुकाट्यानं खाल्लीत आणि म्हणालात, "आईसारखीच झालीया बघ." तुम्हाला वाटलं पोरगी खूश होईल. मला मात्र त्या दिवशी कळलं, की आता रोज हेच.

आपल्या गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवी नदीपलीकडं, जयसिंगपूरच्या वाटेवरच्या गावात. मी चौथी झाले तेव्हा आईनं जुन्या लुगड्याचं दप्तर शिवलं होतं, आत अस्तर लावून. दोन महिने मी ते घेऊन तुमच्या नावेतून गेले. मग पूर आला, आई गेली आणि दप्तर खुंटीला लागलं. गावच्या एकोणीस पोरांना तुम्ही रोज सकाळी पलीकडं सोडायचात, संध्याकाळी आणायचात, पावसात त्यांच्या डोक्यावर पोतं धरायचात. सगळ्या गावाची पोरं शाळेला पोचवलीत आबा.

दिवाळी झाल्यावरचा तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी विसरले नाही. धाकट्याला शेजारच्या काकीकडं ठेवून, दप्तर छातीशी धरून मी पोरांत जाऊन बसले. तुम्ही दोर सोडायला वाकलात आणि मला बघितलंत. दंडाला धरून उचललंत आणि काठावर ठेवलंत, जशी शेळी उतरवावी. "बाय, घरला जा. बारक्याला कोन बघनार?" तेवढ्यात सावकाराची पोर फिसकन हसली, "नावाडी हिचा आन् नाव आमची!" सगळी नाव हसली. तुम्ही वल्हं पाण्यात घातलंत. वल्हवणाऱ्याचं तोंड सोडून आलेल्या काठाकडं असतं, त्याची पाठ जायच्या वाटेला. म्हणजे पलीकडं पोचेपर्यंत तुम्हाला मी दिसत होते. तुम्ही मान खाली घातली होती, पण दिसत होते.

आठ-पंधरा दिवसांनी एका पोराचं मराठीचं पुस्तक पाण्यात पडलं. त्याच्या बापानं नवं आणलं, आणि ते ओलं पुस्तक तुम्ही माझ्या पुढ्यात ठेवलंत. "घे. वाळव." बस्स, दोन शब्द. मी ते माळवदावर पानापानात खडे ठेवून वाळवलं. भाकरीसारखं टम्म फुगलं होतं. त्याच्यावर मी शिकले, मग किराणा बांधून आलेल्या कागदावर, मग लग्नानंतर नवऱ्याच्या दुकानातल्या रद्दीवर. माझं सगळं शिक्षण भिजलेलं नाहीतर फाटलेलं. लोक म्हणतात, आक्का काय लिहितात हो. असं म्हटलं की मला ती एकोणीस पोरं आठवतात. आणि खरं सांगू, ते पुस्तक अजून माझ्या ट्रंकेत आहे. टाकवत नाही. राग आहे म्हणून टाकवत नाही की कशामुळं, ते मला विचारू नका.

आता पुराचं. ते टाळत टाळत इथवर आले.

आपल्यात रीत होती. पुराच्या वेळी नावाड्याचं घर शेवटच्या खेपेला. आज्यानं पाळली, तुम्ही पाळलीत. कारण मला पाठ आहे, तुम्हीच सांगितलंत: नावाड्यानं आपली बायकापोरं आधी काढली तर गावाला वाटतं, ह्याला पाण्याचं काहीतरी कळलंय. मग सगळी एकदम नावेवर तुटून पडतात आणि नाव उलटते. नावाड्याची बायको माळवदावर निवांत बसलेली दिसली की गावाला धीर येतो. त्या दिवशी सकाळपासून पाणी चढत होतं. आई चार दिवसांच्या तापानं फणफणलेली. मी, धाकटा आणि ती माळवदावर, अंगावर एक घोंगडं. तुम्ही गल्लीगल्लीतून माणसं भरून पलीकडच्या माळावर सोडत होतात. जाताना प्रत्येक खेपेला नाव आपल्या घरावरून जायची आणि तुम्ही ओरडायचात, "बाय, कशी हाय गं आई?"

आईनं माझं मनगट धरलेलं. "सांग, बरी हाय म्हणून." मी ओरडले, "बरी हाय!"

दुसऱ्या खेपेला तसंच, तिसऱ्या, चौथ्या. सहाव्या खेपेला तुम्ही आम्हाला घ्यायला आलात, तोवर दुपार कलली होती. आईला तुम्ही खांद्यावर घेतलंत तेव्हा ती तुम्हाला ओळखत नव्हती. दुसऱ्या दिवशी माळावर ताडपत्रीखाली ती गेली. डॉक्टर माळावर सकाळपासून बसून होता आबा. त्यानं सांगितलं, चार तास आधी आणायला हवं होतं.

ते चार तास मी आयुष्यभर तुमच्या अंगावर फेकले. धाकट्याला मोठा होताना सांगितलं, आबांनी आईला शेवटी ठेवलं. सासरी सांगितलं. म्हणूनच की काय, धाकटा तुमचा एवढा भक्त झाला. माझ्या तोंडून तुमच्याबद्दल चांगलं ऐकायला मिळालं नाही, ते त्यानं गावाकडून गोळा केलं. शेवटच्या आजारात तुम्ही माझ्याकडं होता, याच खोलीत. मी पेज भरवत होते, तुम्ही तोंड फिरवलंत आणि माझा तोल गेला. "गावाला पोचवलंसा आन् आईला ठेवलंसा. आता पेज तरी गिळा." तुम्ही भिंतीकडं बघतच म्हणालात, "व्हय बाय. ठेवलं." आणि तोंड उघडलंत, पेजेसाठी. त्यानंतर आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

याचाच मला जास्त राग येतो. एकदा, फक्त एकदा तरी म्हणायचं होतंत, "मी इचारलं होतं की गं तुला." पाच वेळा विचारलं होतंत. अख्ख्या गावानं ऐकलं होतं. एवढं म्हणाला असतात तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. तुम्ही सगळं स्वतःवर घेऊन बसलात आणि मला रागवायला जन्मभर जागा करून दिलीत. हीच तुमची माया असेल तर ती मला फार जड गेली. एवढी माया होती तर मलाही नावेतून शाळेला नेलं असतंत. बारक्याला पाठुंगळी बांधत होताच की.

धाकट्याचा आत्ताच फोन येऊन गेला. "आक्का, झाल्या का वळी? पेंटर खोळंबलाय." मी सांगितलं, "आबांचं नाव लिही, नावाडी होते लिही, आणि पुरात पाच खेपा गावाच्या आणि सहावी घरची, एवढं लिही. वत्सल-बित्सल खोड." तो हिरमुसला. म्हणाला, "आन् का गं?" मी फोन ठेवून दिला. हा कागद त्याला दाखवायचा म्हणून लिहायला घेतला होता, पण दाखवणार नाही. फुगलेल्या पुस्तकात घालून ट्रंकेत ठेवीन.

कारण चार वेळा मला आईनं सांगायला लावलं होतं. पाचव्या खेपेला तिचा हात माझ्या मनगटावरून सुटला होता, ती काही बोलतच नव्हती. तुम्ही ओरडलात, "बाय, कशी हाय गं आई?" नावेतली सगळी माणसं मान वर करून माझ्याकडं बघत होती. आधीच्या खेपेला एक म्हातारा म्हणाला होता, "नावाड्याची पोर शोभतीया!" मला ते पुन्हा ऐकायचं होतं. आईकडं न बघताच मी ओरडले, "बरी हाय!" तुम्ही वल्हं घातलंत. तोंड आमच्याकडं करून, माळापर्यंत.