बिनखटक्याचा चाकू

प्रिय ताई,

तुझ्या संसाराविषयी तुला लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे जाणूनच लिहिते आहे. त्याबद्दल आधीच क्षमा कर. धाकटीने थोरलीला शहाणपण शिकवू नये असे आपल्याकडे मानतात, आणि मी तर चारचौघांत नाव सांगतानाही अडखळणारी. फोन केला असता तर तू ‘बोल ना गं’ म्हणाली असतीस आणि मी भाजीचे भाव सांगून तो ठेवून दिला असता. लिहिताना मात्र माझा हात थांबत नाही. नांदगावला पुंजामामांकडे तुला झोप लागते का? मामी खांद्याची पट्टी घरीच बदलतात, की दवाखान्यात नेतात? इकडे अण्णा बरे आहेत. पहाटे पंचवटीच्या बाजारात भाजीच्या गाड्या आल्या, की दचकून उठतात आणि तुला हाक मारतात. आई जेवते, पण काय जेवलीस असे विचारले तर तिला सांगता येत नाही.

मला त्या चाकूविषयी सांगायचे आहे. सगळे त्याला अण्णांचा चाकू म्हणतात. खरे तर तो माझा झाला होता. दिंडोरीकडच्या बागांत द्राक्षाची कलमे बांधताना अण्णांनी वर्षानुवर्षे वापरलेला, मुठीचे प्लास्टिक तडकलेले, पाते डुगडुगणारे. हात थरथरू लागल्यावर त्यांनी तो भंगारात काढला, तेव्हा मी मागून घेतला. तुला आठवते, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तो खोलून बसले होते आणि तू हसली होतीस: ‘लोकांच्या बहिणी मेंदी काढतात, आमची बया कानस घासते.’ मी जुना खिळा काढून पितळेचा बसवला. शिसवाच्या दोन फाकी घासून नवी मूठ केली, अंगठा टेकतो तिथे उथळ खळगा ठेवला. पाते तर दगडावर इतके फिरवले की नुसते टेकवताच कागदाचे दोन तुकडे होत. दिवाळीत मनोजदाजींनी तो हातात घेतला, उघडला, मिटला आणि खिशात टाकला. अण्णा म्हणाले, ‘असू दे, जावयाला आवडला तर.’ मला वाईट वाटले, पण थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करते.

डिसेंबरात, तुझ्यावर वार झाला त्याच्या आधीच्या रविवारी, दाजी एकटेच घरी आले होते. आई-अण्णा बाजारात गेले होते. मी चहा ठेवला. त्यांनी चाकू टेबलावर टाकला आणि म्हणाले, ‘काय पुस्तकी किडे, लय डोकं हाय ना तुला? याला खटका बसव. उघडला की उघडाच राह्यला पाहिजे.’ मी विचारले, ‘कलमाच्या चाकूला खटका कशाला हवा, दाजी?’ ते हसले. ‘मेहुणीनं जास्त प्रश्न विचारू नये. बसव म्हटलं ना?’

ताई, या प्रकारच्या चाकूला खटका नसतो. पाठीतली स्प्रिंग पात्याच्या बुडाला दाबून धरते, एवढाच त्याला आधार. तरीही कापणाऱ्याला तो पुरतो, कारण धारेवर दाब आला की पाते उघडण्याच्याच दिशेने रेटले जाते. ते मिटते, तर टोक कुठेतरी अडून पाठीवर दाब आला तरच, म्हणजे भोसकताना. कापणाऱ्याला खटका लागत नाही, भोसकणाऱ्याला लागतो. हे मला त्या क्षणी, हातात चहाचा कप असताना, कळले. कोणासाठी, ते कळले नाही. मजुरांच्या टोळीचा मुकादम कारभारी याच्याशी दाजींची बाचाबाची झाल्याचे तूच सांगितले होतेस. मला वाटले, त्याच्यासाठी. मी नाही म्हटले असते तर ते दुसऱ्या कोणाकडे गेले असते. म्हणून मी ‘बघते’ म्हणाले आणि चाकू आत नेला. खटका बसवला नाही. पात्याच्या बुडाचा जो चौकोनी कोपरा स्प्रिंगला अडतो, तो कानशीने गोल केला, म्हणजे टोक अडताच पाते सहज मिटेल. उघडतानाचा ‘टक्’ आवाज मात्र राहू दिला. उलट तेल घालून अधिक कडक केला. दाजींनी तो दोनदा हवेत झटकला, आवाज ऐकला आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. ‘शाब्बास! झालं काम.’ मी ‘हो’ म्हणाले. धार कमी करायचे मला सुचले नाही. त्या एका गोष्टीसाठी मी तुझी क्षमा मागते. बाकी कशासाठीही नाही.

शुक्रवारी तुमच्या बागेत मी थिनिंगला, म्हणजे घडांतले जास्तीचे मणी काढायला, मदत करायला आले होते. थिनिंगला कात्री लागते; चाकू कोणीही आणत नाही. दाजी ओळीच्या तोंडाशी आले तेव्हा मला त्यांचा हात दिसला नाही. पहिला वार त्यांनी ओढून केला, आणि माझी धार तुझ्या खांद्यात पदर, पोलके, कातडी काही न ओळखता शिरली. तू वळलीस, माझ्याकडे पाहिलेस आणि कोसळू लागलीस. त्यानंतरचे तुला ठाऊक नाही. दुसरा वार त्यांनी गळ्यावर टोकाने केला. टोक गळ्याखालच्या हाडावर अडले आणि पाते मिटले. चारही बोटे पाते आणि मूठ यांच्यामध्ये सापडली. त्यांनी हात मागे ओढला असता तर बोटे सुटली असती, एखादी चीर पडून. पण मी धावले होते. मी त्यांच्या मुठीवर माझे दोन्ही हात आवळले आणि पात्याची पाठ दाबली. सगळ्या अंगाचा भार टाकून दाबली. ते ‘सोड गं, सोड, मेलो’ असे ओरडत होते. माझ्या केसांना धरून माझे डोके मांडवाच्या लोखंडी अँगलवर आपटत होते. मी सोडले नाही. मला राग आला नव्हता, ताई. येणारे उत्तर उत्तरपत्रिकेत लिहिताना जसे स्वच्छ वाटते, तसे वाटत होते. आत काहीतरी दोरीसारखे तुटल्याचे माझ्या हातांना कळले, आणि तरी मी दाबत राहिले. मणी जेमतेम ज्वारीएवढे झाले होते. घड लाल झाले, माझे कोपर लाल झाले. बाया धावत आल्या. त्यांनी आधी दाजींना नाही, मला ओढून बाजूला काढले.

सर्वांना वाटते, मी चाकू हिसकावत होते. डॉक्टरांनी दाजींच्या तीन बोटांच्या शिरा तुटल्याचे सांगितले तेव्हा तुझ्या सासूबाई, चतुराबाई, दवाखान्याच्या व्हरांड्यात छाती पिटत होत्या. परवा त्या आपल्याकडे येऊन गेल्या. खुर्चीवर न बसता उंबऱ्यातच बसल्या आणि म्हणाल्या, ‘रागाच्या भरात झालं माझ्या पोराकडून. हातात होता चाकू, लागला. देवानं त्याला जागच्या जागी शिक्षा दिली ना? आता तो स्वतःचा घास उचलू शकत नाय. पायल आली तर घर उभं राहील.’ आई रडली. आणि काल मामींकडून कळले की उद्या सकाळी चतुराबाई गाडी घेऊन तुला न्यायला येणार आहेत. वाटेत दिंडोरीच्या ठाण्यात उतरून, ते रागाच्या भरात घडले, असे तू लिहून देणार आहेस. तुला त्यांच्या हाताची दया येते, असेही मामी म्हणाल्या.

ताई, म्हणूनच हे लिहिले. दवाखान्यात तू मला सांगितले होतेस की द्राक्षे पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाउसमधली नोकरी मिळाली, आता मार खाणार नाही, वेगळी राहीन, असे तू दाजींना शनिवारी रात्री सांगितलेस आणि ते शांतपणे झोपले. तुझ्याकडे तो शनिवार आहे. माझ्याकडे त्याच्या दुसऱ्या दिवसाचा रविवार आहे. ते दोन दिवस आजवर कोणी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. रागाच्या भरातला माणूस पाच दिवस आधी येऊन खटका बसवायला सांगत नाही. तो चहा पीत नाही. आणि ती शिक्षा देवाने दिलेली नाही. ती मी दिली, आधी कानशीने आणि मग दोन्ही हातांनी. तेव्हा तिच्या बदल्यात तू कोणाचे काही देणे लागत नाहीस. आज दहा वाजता मी दिंडोरीच्या ठाण्यात जाऊन हे सगळे, माझ्या हातांसकट, सांगणार आहे. अण्णा सोबत येतो म्हणाले. मी नको म्हटले, आणि पहिल्यांदाच ते माझ्या शब्दावर थांबले. त्यामुळे माझे जे व्हायचे ते होवो. उद्या गाडी दाराशी आली तर फक्त बसू नकोस. काही बोलावेही लागणार नाही तुला, आतून कडी लावलीस तरी पुरे. उद्या दुपारच्या एसटीने मी नांदगावला पोहोचते.

तुझीच,
निकू

(गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६. सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी तुझ्या फोनवर पाठवले.)