शाळेच्या पटांगणातली बाग

७ डिसेंबर १९३६

पटांगण जाणार! तहसिलीचा चपराशी उर्दू हुकूम घेऊन आला. हेडमास्तर किशनरावांनी तो उभ्यानेच वाचला आणि खाली बसले. हैदराबादच्या निजामांच्या ज्युबिलीनिमित्त शाळेच्या पटांगणात बाग-ए-आम, म्हणजे सार्वजनिक बाग, करायची. साठ वर्षांची शाळा! इमारत राहील म्हणे. दोन तर खोल्या, त्यात मुलगेच कसेबसे मावतात. माझ्या वर्गातल्या सतरा मुली पटांगणात बोरीखाली बसतात. त्यांनी कुठं जायचं? हुकमात मुलींचा उल्लेखच नाही.

९ डिसेंबर

अर्ज केला. मराठीतला घेत नाहीत. तहसिलीतले कारकून बन्सीधर यांनी उर्दूत उतरवून दिला. लिहिता लिहिता थांबले – "बाई, मुलींच्या वर्गाची परवानगी हाय का?"

नाही. कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"मग मुलींचं नाव काढू नका. हाय तो वर्ग बी बंद करतील."

अर्जातून मुली गाळल्या. सतराच्या सतरा. मीच गाळल्या.

२० डिसेंबर

उत्तर नाही. आज बोर तोडली. मुली बघत होत्या. चतुरा म्हणाली, "बाई, उद्या कुटं बसायचं?" उद्या सांगते, म्हटलं.

२३ डिसेंबर

मारुतीच्या पारावर वर्ग घेतला. बाजाराला आलेले गडी घोळका करून उभे! मुली मान वर करेनात. चतुराची आई गोजरबाई आली, पोरीला हाताला धरून उठवलं. "बाई, तुमच्यावर राग न्हाई. पण चार मानसांत पोर बसवायची न्हाई. तिचा मामा लय बोलायलाय."

ती खोटं थोडंच बोलत होती.

२ जानेवारी १९३७

सहा उरल्या.

११ जानेवारी

आपल्याच ओसरीवर वर्ग घ्यावा म्हटलं. दीर म्हणाले, "वहिनी, बिगरपरवान्याची शाळा घरात नको. शिपाई आले तर मला नेतील, तुम्हाला नाही." हेही खरंच. सगळ्यांचंच खरं आहे – मग मी कुणाशी भांडू?

संध्याकाळी किशनराव परभणीहून परतले. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या कचेरीबाहेर तीन दिवस बसून आले. "आत बोलावलंच नाही. निघालो तर चपराशी म्हणतो, मास्तर, बाग लय चांगली होणार, फिरायला या!" सांगताना हसले. मग कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

१३ फेब्रुवारी

बाग उघडली. बँड, पताका, कारंजं, हैदराबादेहून आणलेले गुलाब. शाळेतल्या मुलांना रांगेत उभं करून जिलेबी वाटली. मी फाटकाबाहेर होते. बाग सुंदर झाली आहे – त्याचाच जास्त राग आला.

माझ्या वर्गात आता एकही मुलगी नाही.

१४ मार्च

दवंडी फिरली – दर सोमवारी बाग फक्त बायकांसाठी. त्या दिवशी पुरुषाने आत पाऊल टाकायचं नाही, शिपायानेसुद्धा नाही! जात्यावरचा हात थांबला. तशीच उठून गोजरबाईकडे गेले.

"उद्या चतुराला घेऊन बागेत फिरायला याल?"

"फिरायला?"

"फिरायलाच."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

१५ मार्च, सोमवार

अकरा मुली आल्या, चतुरासुद्धा, आयांच्या पदराखाली पाट्या लपवून! बाराखडी मध्यावर आली तोच पडद्याचा टांगा फाटकाशी थांबला. तहसीलदारांच्या बेगम! संपलं सगळं. पाट्या लपवायलाही वेळ मिळाला नाही. त्या थेट जवळ आल्या, पाट्यांकडे बघत राहिल्या. मग बरोबरच्या लहानग्या लेकीला पुढे केलं. "इसको भी बिठा लो, बाई. साब को नक्को बोलो."

आणि बुरखा वर करून स्वतःही गवतावर बसल्या.