लोणच्यावरचा दगड

१० जानेवारी, शनिवार
अपमानाला वर्ष झालं. मंडळाच्या छंद-प्रदर्शनात मी उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावरचा दगड मांडला होता. खालच्या मजल्यावरच्या वासुदेवने तो चारचौघांत उचलला आणि म्हणाला, छान आहे, लोणच्यावर वजन म्हणून ठेवा. सगळे हसले. बायको अनुपमा सर्वांत जास्त. शिवाय घरी येऊन तिने तो खरंच ठेवला.
वासुदेवचे दगड चकचकीत. पहिला नंबर. दगड घासायच्या यंत्रात फिरवतो म्हणे. आज मीही यंत्र घेतलं. अनुपमाने दिरहमचे रुपये करून मोठ्याने सांगितले. केया म्हणाली, बाबा, दे आर जस्ट रॉक्स. स्वाभिमान मुलीला काय कळणार! इंग्रजी माध्यम.

१७ जानेवारी
रास अल खैमाच्या डोंगरातून पिशवीभर दगड आणले. पांढरे, सात्त्विक. वासुदेवने लिफ्टमध्ये पिशवीत डोकावून विचारलं, कठीण आहेत ना हो? मऊ टिकत नाहीत. म्हटलं, दगड आहेत, पेढे नव्हेत.
संध्याकाळी त्याने ओंजळभर अकीक पाठवले, कठीण रंगीत खडे. यंत्राचा ड्रम अर्ध्याहून जास्त भरावा लागतो, भर म्हणून घाला, असा निरोप. भर म्हणूनच घेतले. शत्रूचं सैन्य आपल्या आघाडीवर मरू दे.

१८ जानेवारी
दगड, पाणी, घासायची भरड पूड, झाकण. आठवडाभर अखंड फिरवायचं. यंत्र मुद्दाम आमच्या बेडरूममध्ये ठेवलं. बरोबर खाली वासुदेवची बेडरूम.

१९ जानेवारी
झोप नाही. युद्धात थोडी हानी आपलीही होते. अनुपमा केयाच्या खोलीत गेली.

२२ जानेवारी
वासुदेव भेटला. म्हणाला, वरून पावसासारखा आवाज येतो हो, इतकी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. टवटवीत दिसत होता.

२५ जानेवारी
ड्रम उघडला. राखाडी चिखल. हरकत नाही. समुद्रमंथनातही आधी हलाहलच आलं होतं. शंकर उपलब्ध नसल्यामुळे ते किचनच्या सिंकला पाजलं. सिंकमध्ये ओतू नये असं पुस्तिकेत आहे, पण अक्षर फार बारीक.

२६ जानेवारी
सिंक तुंबलं. मेंटेनन्सचा नूरुद्दीन पाइपात वाकून म्हणाला, साब, सिमेंट डाला क्या? केया म्हणाली, बाबा, दॅट वॉज लाइमस्टोन. रास अल खैमात सिमेंटच्या फॅक्टऱ्या का आहेत, असं तुम्हाला वाटतं, हेही तिने इंग्रजीतच विचारलं.
माझा एकही दगड उरलेला नाही. अकीक सगळे हजर.

१ फेब्रुवारी
धोरण बदललं. अकीक मी घासले की माझेच. त्याच्याच दगडांनी त्याला हरवणार. सूड अधिक शास्त्रशुद्ध. चाकांना थेंबभर तेल द्यावं, असं पुस्तिका सांगते. पट्ट्यालाही चोपडलं. अभ्यंगात हात आखडता घेऊ नये.

२ फेब्रुवारी
मोटर गुरगुरते, पट्टा घसरतो, ड्रम ढिम्म. सकाळीच वासुदेव बनियनवर वर आला. पाऊस का थांबला म्हणाला! पट्ट्याचं तेल पुसून दिलं. आणि बजावलं की पुढची बारीक पूड घालण्याआधी सगळं नीट धुवा, भरड पुडीचा एक कण राहिला तरी चरे पडतात. त्याने सांगितलं म्हणून मी अजिबात धुणार नव्हतो.
अनुपमाने धुतलं. बाल्कनीत, बादलीत.

२२ फेब्रुवारी
पॉलिश झालं. अकिकात माझा चेहरा दिसतो. विजयी आहे. आता वासुदेवला बघतोच. खलास!

२८ फेब्रुवारी
प्रदर्शन. पहिला नंबर मला!
परीक्षक वासुदेव. माइकवरून म्हणाला, यांनी माझ्या दगडांचं सोनं केलं. टाळ्या झाल्या. लोकांनी येऊन त्याचं अभिनंदन केलं. त्याने मला मिठी मारली आणि बक्षीस दिलं: त्याच्याकडची उरलेली पॉलिशची पूड. परतताना गाडीत अनुपमाने विचारलं, झालं मनासारखं? मी रस्त्याकडे लक्ष दिलं.
घरी आल्यावर शोधलं. माझा स्वतःचा म्हणावा असा एकच दगड उरला आहे. त्याच्याखालचं लोणचं छान मुरलंय.