मागली जागा

९ जानेवारी १९४९, कामरगाव

फटफटी आली! नागपूरच्या लष्करी लिलावातली, मालमोटारीतून, कडब्यात गुंडाळून. निम्मं गाव अंगणात. मामंजींपुढे गावात कोणी मोठ्यानं खोकत नाही. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या अन् यांना विचारलं, "दात पाहून घेतले का रे इचे?" सगळे हसले. हेही हसले. लढाईवरून आल्याला तीन वर्षं होतील, इतकं मोकळं हसताना मी यांना पाहिलं नव्हतं.

सासूबाईंनी चाकाला हळद-कुंकू लावलं अन् माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घे वं विजू, सवत आली तुही."

येऊ दे! या सवतीच्या पाठीवर बसून मी इटलीला जाणार आहे. अजून हे फक्त आम्हा दोघांना माहीत. अन् या वहीला.

१२ जानेवारी

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल. जूननंतर तिकडचे घाट मोकळे होतात. मुंबईहून बोट. गाडीही बोटीत चढते, पेटीसारखी. जेनोआ नावाच्या बंदरात उतरायचं अन् तिथून डोंगर. तीन आठवडे. दोघंच.

लढाईत यांनी दोन हिवाळे तिथल्या डोंगरात फटफटीवरून पलटणीचे निरोप पोचवले. म्हणतात, "डोंगरात होतो, पन डोंगर पाह्यलाच नाही. मान खाली घालून पयत होतो. एकदा बिनघाईनं पाहाचे हायेत, विजू. तुह्यासंगं."

तुह्यासंगं! सातवी पास झाले त्याच वर्षी लग्न झालं. त्याला सात वर्षं झाली, त्यातली चार लढाईनं खाल्ली. उरलेल्या तीन वर्षांत दिवसाउजेडी आम्ही काय बोललो असू? "ताट वाढलं." "हव." झालं. संपलं.

२० जानेवारी

घरात सांगितलं. गोंधळ!

मामंजी: "काशी करा, रामेश्वर करा, कोन नाही म्हनते? दगडं पाहाले समुद्र कायले वलांडाचा?"

सासूबाईंची अडचण वेगळीच. बाईनं त्या गाडीवर बसायचं कसं? एका अंगाला पाय सोडून बसले तर घाटात पडेन, असं हे म्हणतात. दोन्हीकडे पाय टाकावे, तर सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. मी म्हटलं, आत्याबाई, लुगड्याला कासोटा मग कशाला असतो? दुपारी पोळ्या लाटताना आपणहून म्हणाल्या, "शिकाचं त शिक, पन गावाभाईर."

मामंजीही बधले. सासूबाईंना सांगत होते ते मी दाराआडून ऐकलं: "पोट्टा हासून राह्यला. जाऊ दे."

२ फेब्रुवारी

बसले! कारंजाच्या रस्त्यावर, गाव दिसेनासं झाल्यावर. पहिली दहा मिनिटं डोळे मिटून होते. मग उघडले. तुरीची वावरं मागे धावत होती अन् माझा पदर सुटून पार मागे, झेंडा! मी ओरडत होते की हसत होते, देव जाणे.

यांचा एक कायदा आहे. मान न वळवता सारखं विचारतात, "हायेस ना?" मी ओरडायचं, "हाव!" उत्तराला उशीर झाला की गाडी हळू. मला गंमत सुचली, एकदा मुद्दाम गप्प बसले. गाडी अशी थांबली की माझं नाक यांच्या पाठीवर आपटलं. खाली उतरून माझ्याकडे पाहिलं तर चेहरा पांढराफटक! "हा खेय पुन्हा करू नोको." मला राग आला. एवढं काय झालं मेलं?

पण खरं लिहू? नाक आपटलं ते आवडलं. उन्हात, भर रस्त्यावर यांच्या पाठीला गाल लावायचा. घरात हे जन्मात मिळालं नसतं. मला डोंगरांचं काही नाही. डोंगर आपल्या जागी सुखी राहोत. मला ही पाठ पाहिजे. जिथे "विजयमाला, चूल इझली वं" म्हणून कोणी हाक मारणार नाही, अशा ठिकाणी. तीन आठवडे पुरेत. तीन आठवड्यांवर मी उरलेला जन्म काढीन.

३ फेब्रुवारी

मांड्या इतक्या दुखतात की जात्यावर बसवत नाही. सासूबाई गालात हसतात.

१८ फेब्रुवारी

यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. सगळा आठवणीतून! इथे नदी, इथे चर्च, इथे एका म्हातारीनं कांद्याचं कालवण खाऊ घातलं होतं. आमचा रस्ता लाल पेन्सिलीनं. मी बोट फिरवत गेले. एका ठिकाणी सरळ रस्ता डोंगर ओलांडून जातो, पण आमची लाल रेघ भला मोठा वळसा घालते. विचारलं, इकडून का नाही?

"तो रस्ता खराब हाय."

लढाई संपून चार वर्षं होत आली, दुरुस्त केला असेल की!

"खराब हाय म्हटलं ना."

पेन्सिल ठेवून उठून गेले. नकाशा मीच गुंडाळला.

११ मार्च

कारंजाला जाऊन पासपोर्टचे फोटो काढले. फोटोवाला म्हणाला, हसायचं नाही. मला जमलं नाही. तीनदा काढला.

२१ मार्च

आज बाजार, म्हणजे धनीबाई आली. ही तांड्यावरची. हिचा सोमला यांच्याबरोबर पलटणीत भरती झाला, परत आला नाही. दर बाजाराला येते, ओसरीखाली बसते, कधी वर चढत नाही. एकच विचारते, "माहा सोमल्या काही बोल्ला होता का रे?" हेही एकच सांगतात: तो दुसऱ्या तुकडीत होता, दूर, मला काही कळलं नाही. सरकारचा कागद आला होता तिला. "कागदाले का पोटाशी धरू?" म्हणते. पोराचं दिवसपाणी केलेलं नाही. मेला तर दाखवा, म्हणते.

आज फटफटीच्या मागल्या जागेवरून हात फिरवला. "सोमल्या बसे का अशा गाडीवर?"

"हव," म्हणून हे आत निघून गेले.

लिहू नये, पण मला तिचा कंटाळा येतो. ती येऊन गेली की दोन दिवस हे घरात असून नसतात. तिला ज्वारी दिली पायलीभर. नको म्हणाली.

५ एप्रिल

रात्रीपुरती थंडी असते म्हणे तिथे, पावसाळ्यातसुद्धा. बर्फ कसा असतो विचारलं. "जिनात रुई उडते ना, तसा. पन हाताले लागला का रडू येते." मला रडायला बर्फ कशाला पाहिजे? पण हात लावून पाहीन.

१२ एप्रिल

बोटीची चिठ्ठी आली. दोन जागा, २ जुलै! पासपोर्ट तेवढे यायचे राहिलेत अकोल्याहून.

३० एप्रिल, आखाजी

दिव्यातलं तेल संपत आलं. तरी लिहिते.

सकाळी अक्षय तृतीयेच्या, पितरांच्या घागरी मांडल्या. आमच्या दोन, आजेसासऱ्यांची अन् आजेसासूबाईंची. पाणी भरून, वर आंबा ठेवून. तेवढ्यात हे तिसरी घागर घेऊन आले. सासूबाई म्हणाल्या, "हे कोनाची रे?"

"सोमल्याची. त्याच्या घरी कोनी मांडत नाही."

चांगल्या मनानं केलं. मी कोणाचीही शपथ घेऊन सांगेन. पण धनीबाई दारातच उभी होती, अन् तिनं ऐकलं.

कधी न चढणारी बाई ओसरी चढली. ती घागर उचलली अन् अंगणात ओतून दिली. सगळी. "मायनं पानी सोडलं नाही, तू कोन सोडनारा? माह्या पोराले कोनं मारलं रे आतापासून?"

हे खाली चिखलातच बसले. म्हणाले, "मी."

मग सगळं बाहेर आलं. सोमला दुसऱ्या तुकडीत नव्हता. यांच्याच गाडीवर होता, मागे. डिसेंबर महिना, बर्फ पडत होता, घाटातलं वळण, खाली दरी. "दोन फर्लांग गेल्यावर मले समजलं, मावशी, का मांगं कोनी नाही." वरून तोफा चालू, निरोप पोचवणं भाग होतं. परत आले तोवर बर्फानं सगळं झाकलं होतं. दोन दिवस उकरलं. टोपी सापडली.

मी आंब्यांचं ताट घेऊन तिथेच उभी. तेव्हा कळलं, सारखं "हायेस ना" का विचारतात ते. लाल रेघ वळसा का घालते तेही. अन् मी त्या दिवशी गंमत म्हणून गप्प बसले होते!

धनीबाई निघून गेली.

३ मे

धनीबाई आली. नेहमीच्या जागी बसली. रडत नव्हती. यांना म्हणाली, "इंद्रभान, मी तुह्यावर राग धरत नाही. मले ते वळन दाखव. तिथं पानी सोडीन. मंग सुटला तो, अन् मी बी."

मामंजी म्हणाले, "बाई, दोघंच बसतात त्या गाडीवर." अन् सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या माणसाचं बोटीचं भाडं आम्हाला झेपत नाही, अन् झेपलं तरी मागे जागा एकच.

यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत होते.

मी आत निघून आले. नाही देणार. स्पष्ट लिहिते, नाही देणार! चार वर्षं लढाईनं घेतली. तीन वर्षं यांची झोप हिच्या पोरानं घेतली. आता माझी जागाही? देवाकडे मागून मागून काय मिळालं, तर हातभर लांबीची चामड्याची बैठक. तीही सोडू? मी वाईट असेन. असू दे वाईट.

रात्री कोणी जेवलं नाही.

६ मे

धनीबाई मागल्या दारानं माझ्याकडे आली. मी वाळवणाला हात लावून उभी, आता मागणार म्हणून जीव मुठीत. म्हणते, "पोरी, ते तुही जागा हाय. नवऱ्यामांगं बायकोनंच बसाव. मी नाही घेत. मले फक्त इचारून सांगजो, तो डाव्या आंगाले पडला का उजव्या?"

कशाला गं बाई?

"त्या आंगावर निजीन."

मी हव म्हटलं. सुटले असं वाटलं, अन् त्याच घटकेला स्वतःची इतकी लाज वाटली! तिला ताक दिलं. उभ्यानं प्यायली, गडू पालथा घातला अन् गेली.

यांना विचारलं. "डाव्या," म्हणाले.

७ मे

निरोप पाठवला तांड्यावर. डाव्या.

८ मे

आखाजीनंतर आज पहिल्यांदा गाडी काढली. मीच म्हटलं, चला. कारंजाच्या अलीकडे ते उताराचं वळण आहे, तिथे गाडी हळू झाली. मान न वळवता हे म्हणाले, "सोमल्या, हायेस ना?"

मी "हाव" म्हटलं.

यांना कळलंच नाही आपण काय बोललो ते. पुढे बाभळीखाली थांबलो. माझ्याशी हसून बोलले, जेनोआत उतरल्यावर पहिल्यांदा काय खायचं ते सांगितलं. मी मान हलवत राहिले. तीन महिने त्या जागेवर बसते आहे, मला वाटत होतं मी एकटीच बसते.

घरी येऊन भाकरी थापल्या. दोन करपल्या. सासूबाईंनी त्या आपल्या ताटात घेतल्या.

११ मे

अकोल्याला पासपोर्टचा नवा अर्ज पाठवला. अक्षर माझं चांगलं, म्हणून मीच लिहिला. सोबत येणारीचं नाव, माझ्या जागी: धनीबाई. त्याखाली 'नाते' असं होतं, तिथे यांनी सगळ्यांदेखत माझा हात धरला — "आता काय लिहाचं वं?" मी 'आई' लिहिलं.