अकरा अंगठे

३ सप्टें.
इन्कम टॅक्सची नोटीस. मजुरीचा खर्च कशाच्या आधारावर दाखवला, पंधरा दिवसांत सांगा. उलव्याच्या साइटवर पेव्हर ब्लॉक बसत होते आणि मी सिमेंटच्या गोणीवर बसून मोबाइलवर तेच तेच वाचत होते. ह्यांना सांगितलं तर टेम्पो पुसता पुसता म्हणाले, "सगळ्यांना येतात." सगळ्यांना येतात म्हणे! धंदा माझ्या नावावर, सही माझी आहे.

५ सप्टें.
सी.ए. नेने सरांकडे. डिझेल चालेल. टेम्पोची दुरुस्ती चालेल. फोनचं बिल अर्धं. मग त्यांचं बोट थांबलं. दिराच्या हळदीचं मटण ह्यांनी 'ग्राहक स्वागत' म्हणून घातलेलं! का, तर दोन बिल्डर जेवून गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरी गोम मजुरीत. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिले की तो खर्च धरत नाहीत. आमचं दर शनिवारी एकच: बारकू मुकादमाच्या हातात पंचेचाळीस हजार, कागदावर त्याचा एक अंगठा. तो मजुरांच्या वाडीवर नेऊन पंधरा जणांत वाटतो. धंदा बाबांचा होता तेव्हापासून असंच.
"अहो पण ब्लॉक काय आपोआप बसले?"
"ताई, काम झालं ते दिसतंय. कोणाला किती वाटले, तेव्हाची यादी आहे?"
यादी बारकूच्या डोक्यात.
टॅक्स नि दंड भरायचा तर टेम्पो विकावा लागेल. टेम्पो गेला की धंदा गेला.

६ सप्टें.
नेने सरांच्या क्लार्कने जिन्यात गाठलं. पंधरा नावांची व्हाउचरं करा, जुन्या तारखा टाका, अंगठे घ्या. सरांना बोलू नका. हे खूश. "खोटं कुठंय त्यात? पैसे दिलेच ना?"
दिलेच. कोणाचा रुपया खाल्ला नाही. मग सरांना बोलायचं का नाही?

९ सप्टें.
वाडीवर गेले. बाबांची शाईची पत्र्याची डबी नेली. बारकूने हाक मारली, लोक आले. कागदावर काय आहे, एकानेही विचारलं नाही. अकरा झाले. मग जनीआजी, साठी उलटली तरी रेतीची घमेली उचलते. डबी बघितली आणि हात पदराखाली.
"मी अंगठा नाय देनार."
बारकू खेकसला. मी म्हटलं, आजी, तुमच्याच मजुरीचा कागद आहे.
"तवा बी मजुरीचाच होता. हीच डबी. खालचं शेत गेलं आमचं. तुज्या बापूसला इचार."
बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.
कुठलं शेत, ते मी विचारलं नाही. वाडीच्या खाली एकच शेत आहे. आमचं गोडाऊन तिथेच आहे, टेम्पो रोज तिथेच लागतो.

१० सप्टें.
ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण. "एका म्हातारीपायी पोटावर पाय देशील?" मी म्हटलं, बाबांनी तिला काय सांगितलं होतं, माहीत आहे? म्हणाले, जुनं काय उकरतेस. म्हणजे माहीत होतं! लग्नाला वीस वर्षं झाली, मला कोणी...
जेवले नाही.

१२ सप्टें.
बारकूचा फोन. "उरल्याल्यांचं मीच मारतो, ताय. माजी धा बोटं हायेत की."
हसू आलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. नको म्हटलं.

१७ सप्टें.
उद्या शेवटची तारीख. नेने सरांच्या ऑफिसात बाकावर बसून लिहितेय. सर परवा फोनवर म्हणाले होते, जसं झालं तसं लिहून देऊ, भरायला हप्ते मागू, बाकी हमी नाही. क्लार्क आतून भुवया उडवून विचारतोय, झाले का? हे खाली टेम्पोत बसलेत, वर येत नाहीत.
पिशवीत अकरा व्हाउचरं. आणि टेम्पोचं आरसी बुक, ह्यांना न विचारता घेतलेलं.
जनीआजी सोमवारपासून कामावर आलेली नाही.
पुढचा माणूस बाहेर आला. सर म्हणतायत, या ताई, काय आणलंय?